महाराज बोलले

"महाराज बोलले!"

कमळ कोळीण टोपली सावरत धावत आली, तशी शेवंतीच्या हातातली सुई थांबली. पोयसरच्या टेकडीवरचे मौनी महाराज बोलले, ही बातमी तोवर अर्ध्या कांदिवलीत पोचली होती. बायका ओवाळायला ताटं घेऊन निघाल्या होत्या. मठातली घंटा कुणीतरी वेड्यासारखी बडवत होतं.

"काय बोलले गं?"

कमळनं पदरानं तोंड पुसलं. "बाळ रेग्याला मीच खाणीत ढकलला म्हणाले. पोलिसांसमोर."

बाळ रेगे म्हणजे मठाचा चष्मेवाला कारभारी. आदल्या दिवशी त्याचं प्रेत टेकडीमागच्या दगडखाणीच्या पाण्यात तरंगताना सापडलं होतं. पाय घसरला असेल, असंच सगळे समजत होते.

"इन्स्पेक्टरला पटेना. मठात राबणाऱ्या सगळ्यांना, पोरीबाळींनासुद्धा, समोर उभं करा म्हणाला," कमळ सांगत होती. "तेवढ्यात महाराज उठले आणि बोललेच."

टेकडीवरची घंटा एकाएकी बंद पडली.

शेवंतीला आधी खरंच वाटेना. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी हा माणूस टेकडीवर येऊन जांभळाखाली बसला होता. नाव नाही, गाव नाही, तोंडातून शब्द नाही. कुणाचं तापलेलं पोर त्यानं मांडीवर घेतलं आणि सकाळी ताप उतरला. झालं, लोक येऊ लागले. बाळ रेगे आला आणि महाराजांच्या नुसत्या बघण्याचाही अर्थ सांगू लागला. पत्र्याच्या शेडचा मठ झाला, फरशी आली, लाउडस्पीकर आला. गुरुवारी अंधेरी-मुलुंडहून मोटारी येऊन टेकडीखाली उभ्या राहू लागल्या.

शेवंतीची भक्ती मात्र वेगळ्या कारणानं होती. तिचा नवरा खाणीत सुरुंगानं गेला, मागे राहिली जयंती. जन्माची मुकीबहिरी. वस्तीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. मारून उपयोग तरी काय? महाराज मात्र तिच्याशी हातांनी बोलायचे. बोटांची चोच करून चिमणी दाखवायचे, मनगट वळवून पाऊस. पोरगी खदखदा हसायची. तिचं हसू शेवंतीनं पहिल्यांदा ऐकलं ते मठाच्या पायरीवर. त्यानंतर महाराजांच्या गळ्यातला हार तिनं दुसऱ्या कुणाला ओवू दिला नाही, आणि मोठी झाल्यावर जयंतीही मठाच्या फुलांच्या खोलीत राबू लागली.

आणि तोच माणूस खुनी निघाला.

"माझ्या लेकीला याच्या हाताशी बसवत होते मी," ती कमळला म्हणाली. "त्याच हातांनी मारलान त्याला."

जयंती तापानं फणफणून घरात पडली होती. मठाचं नाव काढताच भिंतीकडे तोंड फिरवायची. पोरीला आपल्याआधी कळलं, असं शेवंतीला वाटलं आणि ती आणखीनच पेटली.

खटला उभा राहिला तेव्हा ती आपणहून साक्षीला गेली. तिनं पाहिलंच होतं तसं. बाळ मरायच्या आठवडाभर आधी फुलांच्या खोलीच्या दारात महाराजांनी बाळची गचांडी धरली होती आणि त्याला अंगणापर्यंत फरफटत नेलं होतं. कशावरून, ते तिला ठाऊक नव्हतं. वकील म्हणाला, मठाच्या मालमत्तेवरून. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तुमचा यांच्यावर राग आहे का, बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"राग कसला, साहेब? देव मानला होता मी याला."

पिंजऱ्यातून महाराज तिच्याकडे बघत होते. त्यांनी हात जोडले. ती त्यांच्या दिशेनं थुंकली. शिपायानं तिला बाहेर काढलं, पण महाराजांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एखादं अवघड काम पार पडावं, तसे ते सैलावले होते.

जन्मठेप झाली. मठाला कुलूप लागलं. लाउडस्पीकर कुणीतरी काढून नेला, जांभळाखाली बकऱ्या बसू लागल्या.

निकाल ऐकून शेवंती घरी आली आणि सगळ्यात आधी तिनं भिंतीवरची महाराजांची तसबीर उतरवली. चुलीत घालायला निघाली, तशी जयंती झेपावली. तिनं तसबीर हिसकली, पोटाशी धरली आणि खाली बसून हमसून हमसून रडू लागली.

शेवंतीनं हात नाचवले. अगं, त्यानं माणूस मारला! कुणासाठी रडतेस?

जयंतीनं आईचे हात धरून खाली केले. मग तिनं डोळे पुसले, तसबीर जपून जमिनीवर ठेवली आणि उभी राहिली. दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं करून डोळ्यांना लावली. बाळचा चष्मा. मग स्वतःचंच मनगट करकचून पकडलं, खांद्यावरचा पदर ओरबाडून खाली ओढला आणि ती सुटण्यासाठी धडपडू लागली.

शेवंतीनं घाईनं दार लोटून घेतलं.

जयंती पुढे आली, दोन्ही तळवे तिनं आईच्या छातीवर टेकवले आणि सगळा जीव एकवटून ढकललं.