झाकलेला रकाना

विश्रामच्या घशातला कॅन्सर ज्या विषाणूमुळे झाला, तो अंगात कधी आणि कुणाकडून शिरला, हे हल्ली अहवालातच छापून येई. त्याने तो रकाना झाकायला सांगितला, तेव्हा त्याची बाहेर कुणीतरी होती, हे त्याच्या बायकोने, हेमांगीने, मनाशी पक्कं केलं. दोन महिने ती त्याला पेज भरवत होती, पण एक शब्द बोलत नव्हती.

शेवटी तिने डॉक्टरीणबाईंकडे हट्टच धरला. बाईंनी रकाना उघडला. वर्ष त्यांच्या लग्नाचं होतं. नाव हेमांगीचं.

लग्नाआधीचं तिने कधी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

ती घरी आली. आवाज गेलेल्या विश्रामने तिचा चेहरा पाहिला आणि पाटीवर लिहिलं, "बाईंनी दाखवायला नको होतं."