सबंध आख

साखळी सैल पडली आणि चिंचेच्या फांदीला लटकलेली गाडी नव्या आखावर अलगद टेकली. बन्सी मिस्त्रीनं कपाळाचा घाम पुसला. गाडीच्या पोटाखालून छगन बाहेर सरकला आणि कुणाकडं न बघता पाने-हातोडे गोळा करायला लागला.

ओसरीवर आक्काबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. काम सुरू झाल्यापासून छगन अंगणात आला की तिची पाठ फिरायची. तिचा थोरला, काकासाहेब, गाडीचा मालक. धाकटा राधाकृष्ण बाजेवर, काठी उशाला घेऊन. शिमग्याच्या सुमाराला ओढ्याच्या उतारावर गाडी कलंडली आणि राधाकृष्णाचा पाय कायमचा अधू झाला. स्टेअरिंगवर छगन होता. आक्काबाईनं त्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता, "छगन झोपला हुता." आईच्या तोंडाला कोण लागणार? शेजारी बसलेला राधाकृष्ण स्वतःच पेंगत होता, तो तरी काय साक्ष देणार? बोलणं गावभर झालं, मग तालुकाभर. छगनला पुन्हा कुणी गाडीला हात लावू देईना. पावसानं तोंड फिरवलेलं बहात्तर साल ते. तो दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला.

खडी फोडण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. हातपाय धड होते. सल दुसराच होता. उतारावर हिसका बसला आणि स्टेअरिंग हातातून फिरलं, एवढंच त्याला आठवायचं. त्याच्या आधीचं काही केल्या आठवत नव्हतं. डोळा लागला असेल? एवढी माणसं म्हणतात, तर लागलाही असेल. अंथरुणाला पाठ टेकली की ओढ्याचा उतार समोर यायचा आणि तो दचकून उठून बसायचा. झोपल्याचा आळ काय आला, बिचाऱ्याची झोपच उडाली.

गाडी लष्कराच्या लिलावातली, परदेशी. तिच्या पुढच्या दोन चाकांत मिळून एक आख नव्हताच. प्रत्येक चाक आपापल्या दांडीवर, आपापल्या मर्जीनं हलायचं. डांबरी रस्त्यावर ती झोकात चालायची, पण पारनेरच्या धोंड्यांपुढं असल्या साहेबी नखऱ्याचं काय चालणार? आता वाडीवर पाण्याची पिंपं पोचवायची होती, म्हणून काकासाहेबानं नगरहून जीपचा सबंध आख आणवला. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच, बैलगाडीसारखा. तो बसवायला बन्सीच्या हाताखाली गाडीची खोड जाणणारा माणूस हवा होता. राधाकृष्णानंच छगनला बोलावणं धाडलं. आक्काबाई मुलाशी दोन दिवस बोलली नाही.

पण नवं लोखंड दारात आलं, त्याची पूजा तर तिलाच करायची होती. खांडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कुऱ्हाडीपासून गाडीपर्यंत घरातल्या सगळ्या लोखंडाला तेलात कालवलेला शेंदूर ती स्वतः लावायची. सुनांना वाटीला हात लावू द्यायची नाही. गाडीच्या खाली हात घालून पुढच्या दांड्यांना तर भरभरून फासायची. ज्याच्यावर भार, त्याला मान, असा तिचा हिशेब.

शेंदराची वाटी घेऊन ती उठली. आधी जुन्याला निरोप, मग नव्याला मान. डाव्या चाकाची मोडकी दांडी भिंतीशी पडली होती. गाडी पडली म्हणून दांडी मोडली, असंच सगळे धरून चालले होते, त्यामुळं त्या चिखलानं माखलेल्या तुकड्याकडं कुणी नीट बघितलंच नव्हतं. आक्काबाईनं बन्सीकडून रॉकेलचा बोळा घेतला आणि मोडलेलं टोक पुसलं.

तिचा हात थांबला. मोडलेल्या जागेचा अर्धा भाग नुसता करडा होता. उरलेला अर्धा शेंदरी होता. तिनं पुन्हा पुसलं, नखानं खरवडलं. रंग जाईना. दांडीवर बाहेरून तिच्याच बोटांचे जुने पट्टे होते, आणि त्यांचे ओघळ थेट आत उतरले होते.

तिनं बोटांवर महिने मोजले. या सालची खांडेनवमी अजून यायची होती. म्हणजे हा शेंदूर गेल्या सालचा. आणि छगन कामावर लागला तो संक्रांतीनंतर. तोवर गाडी काकासाहेब स्वतःच दामटत होता. काकासाहेबानं दांडी हातात घेऊन बघितली आणि मान खाली घातली.

"मी भेगंलाच शेंदूर फासला," आक्काबाई म्हणाली. "दांडी आदीच चिरलेली हुती, ती मोडली म्हनून गाडी पडली. तू न्हाई झोपलास, लेकरा. माजंच डोळं मिटल्यालं हुतं."

छगननं तो तुकडा उलटसुलट करून बघितला. मग त्यानं इतका लांब श्वास सोडला की राधाकृष्ण बाजेवरून हसला, आणि हसता हसता त्याचेही डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि तो एकट्या छगनच्या छातीवरचा नव्हता.

आक्काबाईनं नव्या आखाला शेंदूर लावला. या खेपेला आधी सगळीकडून बोट फिरवून बघितलं, मगच. काकासाहेबानं चावी छगनपुढं धरली. छगन म्हणाला, आज नवा आख कसा चालतो ते नुसतं बसून बघतो, बन्सीला चालवू द्या, उद्यापासून मी. तो पुढं बन्सीच्या शेजारी बसला. मागं पिंपांच्या मध्ये, सगळे नको नको म्हणत असतानाही, आक्काबाई चढली.

गाडी वाडीच्या वाटेला लागली. ओढ्याचा तोच उतार आला. नवा आख धोंड्यांवरून ठामपणे उतरत होता, पिंपं मात्र धडाधड आपटत होती. आक्काबाईनं पुढं वाकून बघितलं. छगनची मान खांद्यावर कलली होती, तोंड जरासं उघडं होतं.

तिनं बन्सीच्या पाठीला हळूच हात लावला.

"आस्ते घे बाबा," ती कुजबुजली. "छगन झोपलाय."