सातव्या उंदराचं रक्त

कॅन्सरचं नवं औषध उंदरांच्या रक्तात किती तास टिकतं, हे ती मोजायची. सातव्या उंदराला तुलनेसाठी नुसतं सलाईन टोचलं होतं, तरी मशीनला त्याच्या रक्तात मॉर्फीन सापडलं.

"ताई, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल," सहकारी म्हणाला.

तिने स्वतःच्या हाताने पुन्हा रक्त काढून तपासलं. आकडा उलट वाढलाच होता.

प्रयोगशाळेत मॉर्फीन नव्हतंच. ते वेदनाशामक तिने पाहिलं होतं फक्त घरी, गेल्या महिन्यात, आईच्या उशाशी. आई गेली तेव्हा ती इथेच रक्त तपासत बसली होती.

सहकारी जेवायला गेल्यावर ती पिंजऱ्यापाशी वाकली. "आई, फार दुखतंय का गं?"

उंदीर थबकला. तिच्याकडे बघत त्याने सावकाश, नकारार्थी मान हलवली.