पहिला बार

माँटेनेग्रोच्या डोंगरात सूड सात पिढ्या थांबतो, असं म्हणतात. वुकोताला ग्लिगोरच्या मुलीच्या लग्नापर्यंतही धीर निघत नव्हता. दुकानदार ग्लिगोरने विकलेल्या जुन्या लष्करी रायफलीचा बार उलटा फुटून वुकोताचा एक डोळा गेला होता. तक्रारीला उत्तर मिळालं होतं, "रायफल ठणठणीत आहे, तुझाच हात वाकडा."

दारात टांगलेलं सफरचंद गोळीने टिपल्याशिवाय तिथे नवरी बाहेर येत नाही. वऱ्हाडासोबत आलेल्या वुकोताने तीच रायफल भरून वधूपित्यापुढे धरली. "ग्लिगोरशेठ, पहिला मान तुमचा. रायफल ठणठणीतच आहे ना?"

नाही म्हणावं, तर निम्मं वऱ्हाड त्याचंच गिऱ्हाईक. ग्लिगोरने डोळे मिटून चाप ओढला. वुकोता उरलेला डोळा ताणून बघत राहिला.



काडतूसही ग्लिगोरच्याच दुकानातलं होतं. ते उडालंच नाही.