तांदळातलं नाव

“माहेरचं सगळं उंबऱ्याबाहेर ठेव गं बाई. उद्या लेकरांनाही सांगू नकोस,” सासूबाई किती हळू म्हणाल्या होत्या. त्याला एकतीस वर्षं झाली. सुमेधाने तो शब्द कधी मोडला नाही.

आज तिच्याच घरी लेकाच्या, देवव्रतच्या, लग्नाचा क्रम ठरत होता. एकाच मांडवात चर्चचे पाळकसाहेब आणि गुरुजी. वचनं, अंगठ्या, मंगलाष्टकं, सप्तपदी. दोघे सांगत होते, सुमेधा वहीत उतरवत होती. हात चालत होता, मन कुठेच नव्हतं.

“शेवटी ताटातल्या तांदळात सूनबाईचं नवं नाव,” गुरुजी म्हणाले. “काय ठेवायचं?”

“बाप्तिस्म्याचं नाव आहे हो तिचं,” पाळकसाहेब पुटपुटले.

“अहो, तांदळातच लिहायचंय, आधार कार्डावर नाही.”

देवव्रत हसला. शेजारी बसलेली त्याची जेमिमा हसली नाही. “काहीही ठेवा,” ती म्हणाली, “मला चालेल.”

सुमेधाने पेन खाली ठेवलं.

“जेमिमाच राहू द्या, गुरुजी. मीही तेव्हा ‘चालेल’ म्हणाले होते. सुमेधा व्हायच्या आधी मी रूथ होते.”