पंखे मिटेपर्यंत

"बघ तुझी मामी. कोळंबीसारखी वाकलीय, तरी कंबर हलवायची हौस जात नाही," एउफ्रासिया लेकीला म्हणाली आणि तिने नाक मुरडलं.

वेराक्रूसच्या चौकात बँड वाजत होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून गावातली सगळी म्हातारी मंडळी दान्सोन नाचत होती. एउफ्रासिया बाकावर. एकदा गुडघा दुखला, तेव्हापासून ती बसली ती बसलीच. चपला कामवाली चढवायची, केस लेक विंचरायची. नाचणाऱ्यांना नावं ठेवायचं काम मात्र ती अजून स्वतः करायची.

"मामी बाजार स्वतः आणते. जिने चढून," नेरेइदा म्हणाली.

"आणेल नाही तर काय. आणून द्यायला आहे कोण तिला?"

नेरेइदा उठली. "मी गाडी घेऊन येते. सकाळी काय ठरलंय, आई? बाकावरून आपली आपण उठलीस तर ठीक. नाही तर उद्यापासून चाकांची खुर्ची."

"उठते की. मेले नाहीये मी अजून."

लेक वळली तशी एउफ्रासियाने बाकाची कड धरून जोर लावला. बूड हललं नाही. बूटपॉलिशवाला बघतोय म्हटल्यावर तिने उगाच शाल सारखी केली. पुन्हा जोर लावला. मांड्या लटलटल्या आणि ती धप्पकन मागे बसली.

गाणं संपलं होतं. पंख्याने वारा घेत नेरेइदाची मामी देल्फिना समोर आली आणि नाचायला बोलावतात तसा तिने हात पुढे केला.

"तुझ्याबरोबर?" एउफ्रासिया फणकारली. "वहिनी, लोक हसतील."

"तू इतकी वर्षं हसतेयस, मला काय झालं? कडेला सरक. पाय बाकाखाली घे. आता वाक, अजून वाक, माझ्या पोटावर डोकं आपटणार असल्यासारखी."

एउफ्रासिया वाकली. आणि कशी कोण जाणे, उभी राहिली.

नवं गाणं सुरू झालं. दान्सोनच्या सुरुवातीला कुणीच नाचत नाही. जोड्या बँडकडे तोंड करून नुसत्या उभ्या राहतात, बायका पंखे हलवतात. पंखे मिटले की पहिलं पाऊल. देल्फिनाने आपला पंखा नणंदेच्या हातात दिला. त्या सगळ्या ताठ म्हाताऱ्यांत एउफ्रासियाही ताठ उभी. वेगळी ओळखूच येईना.

कोपऱ्यावर गाडी थांबली. नेरेइदा काचेतून आईकडे बघतच राहिली.

"घामेजलाय तुझा हात," एउफ्रासिया ओठ न हलवता म्हणाली.

"सोडू?"

एउफ्रासियाने तो आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात बँडचा ताल बदलला, आणि चौकातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी फटकन पंखे मिटले.