मागून येणारी धाप

विझलेल्या ज्वालामुखीच्या विवराकडे जाणारी वाट काळ्या राखेची होती, पाय रुतवणारी. पहिल्याच चढावर नवऱ्याला धाप लागली आणि तो बाकावर बसला. "तू हो पुढे, मी आहे इथेच," तो म्हणाला. बाई पुढच्या तरुण घोळक्यात मिसळली.

"ते पिवळ्या टोपीतले काका तुमच्याबरोबर आहेत का?" एका मुलीने विचारलं.

"छे, मी एकटीच आलेय," बाईच्या तोंडून निघून गेलं. तिची कानशिलं तापली, पण शब्द मागे घेणं काही जमलं नाही.

थोडं वर गेल्यावर पाठीमागून धाप ऐकू आली. शिट्टीसारखी बारीक, इतक्या वर्षांच्या संसारात ओळखीची झालेली. आता कोणत्या तोंडाने मागे बघणार? ती मान खाली घालून चढत राहिली आणि धाप मागोमाग येत राहिली.

विवराच्या काठावर एका लाकडी फळीवर ती टेकली. "पोहोचलात की काका! बसा," म्हणत ती मुलगी सरकली. बाईच्या शेजारी फळी दबली.

शरमेने तिने नजर खाली उताराकडे वळवली. दूर बाकावर पिवळी टोपी तशीच होती, आणि टोपीखालचा माणूस तिच्याकडे बघून हात हलवत होता.

"काकू," मुलगी हळूच म्हणाली, "हे तुमच्याशी बोलतायत."